गाडीवरची सळई

पुण्याची भाची नाताळच्या सुट्टीत आली होती. माझी अ‍ॅक्टिव्हा बघून म्हणाली, "मावशी, ही अँटेना कसली गं? रेडिओ लागतो का हिच्यावर?"

दोन्ही आरशांपाशी नट लावून बसवलेली, माझ्या डोक्यावरून कमान करून जाणारी लोखंडी सळई. डिसेंबर लागला की बडोद्यात रस्त्याच्या कडेला नट आवळायचे पाने घेऊन पोरं बसतात, पाच मिनिटांत बसवून देतात. माझ्याकडून 100 रुपये घेतले. संक्रांत झाली की काढायची असं दरवर्षी ठरतं, आणि होळीपर्यंत मी तशीच हिंडते.

"उत्तरायणाची आहे, म्हणजे आमच्या इथल्या पतंगांच्या संक्रांतीची," मी म्हटलं. "पतंगाची दोरी गळ्याला लागू नये म्हणून."

ती हसली. मग मी हनुवटी वर करून दाखवली, तेव्हा थांबली.

2018 ची गोष्ट. 12 जानेवारी, संध्याकाळचे सहा. काळा घोडा चौकाकडून घरी येत होते. सासूबाईंनी विणलेला लोकरीचा मफलर गळ्यात होता, तोही थंडीसाठी, दोरीचा विचार डोक्यातसुद्धा नव्हता. हनुवटीखाली काहीतरी गार लागलं. दुखलं नाही. अंधाऱ्या खोलीत कोळ्याचं जाळं तोंडावर येतं ना, तसं. ते बाजूला करायला डावा हात वर गेला आणि दोन बोटं चिरली. गाडी आडवी. पाणीपुरीवाला धावत आला, त्यानं आधी दोरी काठीला गुंडाळली, मग मला उठवलं. मफलर एका बाजूनं अर्धा कापलेला होता. हनुवटीला तीन टाके, बोटांना चार. मफलर नसता तर काय, हा विचार सासूबाई गेल्या तरी अजून करते.

दोरी मी नीट पाहिली. राखाडी, चकाकणारी, मासे पकडायच्या गळाला असते तशी. सुती मांजा ओढला की तटकन तुटतो. ही लांबत जाते, तुटत नाही. गाडी वेगात असली की दोरीचं काम आपला वेगच करतो. राग कुणाचा करायचा? पतंग कुणाचा तरी कापला गेला असेल, दोरी वाऱ्यावर उतरून दोन खांबांमध्ये लोंबत राहिली असेल. ज्याची होती तो तेव्हा कुठल्यातरी अगाशीत, म्हणजे गच्चीवर, दुसरा पतंग बांधत असणार. आपण कुणाला कापलं हे त्याला आजही माहीत नाही.

राष्ट्रीय हरित लवादानं जुलै 2017 मध्येच नायलॉनच्या आणि सिंथेटिक मांज्यावर देशभर बंदी घातली होती. म्हणजे मला कापणारी दोरी सहा महिन्यांपूर्वीच बेकायदा ठरलेली. पोलीस आयुक्तांचा बंदीचा जाहीरनामा दर वर्षी निघतो. तो मोडला तर पूर्वी दंडसंहितेचं कलम 188 लागायचं, नव्या न्याय संहितेत ते 223 झालं.

मला खुपतं ते वेगळंच. सगळी खबरदारी माझ्याकडून. सळई मी लावायची, मफलर मी गुंडाळायचा, हेल्मेटची काच मी खाली ठेवायची, शक्यतो बाहेरच पडायचं नाही. सुरतेत तर उत्तरायणाच्या दिवसांत दुचाक्यांना उड्डाणपुलांवर जायलाच मनाई करतात. आणि पतंग उडवणाऱ्याच्या अंगावर काय? बोटाला चिकटपट्टी. तीही स्वतःचं बोट कापू नये म्हणून.

आमच्या घरात यावरून कायम वाद. डिसेंबर 2019 मध्ये राज्य सरकारनं शहरांच्या हद्दीत हेल्मेटची सक्ती काढली, तेव्हा आमचे हे ऑफिसातून पेढे घेऊन आले होते. (पुढच्याच महिन्यात सरकारला हायकोर्टात सांगावं लागलं की सक्ती कायम आहे. पेढे तोवर संपले होते.) यांचं म्हणणं, "डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातं?" मी म्हटलं, "सरकारचं नाही जात, पण दवाखान्याच्या बाकावर रात्रभर मी बसणार ना." तरी खरं सांगते, यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. पण हाच माणूस जानेवारीत म्हणतो, नायलॉनवाल्यांना सरळ आत टाका, आणि तेव्हा तर मला पूर्ण पटतं.

सासरे होते तोवर दोघांनाही गप्प करायचे. "तुमच्या पणजोबांना सयाजीराव महाराजांनी दंड केला होता, पोर शाळेत नाही पाठवलं म्हणून. पोर माझं, शेत माझं, म्हणून तेही ओरडलेच होते." 1906 मध्ये महाराजांनी अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे खरं. पणजोबांचा दंड खरा की सासऱ्यांची फोडणी, देव जाणे. दंड भरला, आजोबा शिकले, म्हणून आम्ही दांडियाबाजारात घर घेऊ शकलो, अशी त्या गोष्टीची शेवटची ओळ ठरलेली असायची.

आता माझं सांगते. पतंग मला आवडतात. 14 तारखेला उंधियो-जिलबी, तिळगूळ आणि अगाशी सोडून कुठे जायचं म्हटलं तर रडू येईल. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणालाही मी वरच असते. गेंडीगेटला रस्त्यावर ताणलेली गुलाबी सुती दोरी आम्ही दरवर्षी रंगवून आणतो. त्यात काचेची पूड असते आणि पक्षी त्यानंही कापले जातात, हे मला ठाऊक आहे. जखमी पक्षी वाचवणाऱ्या सरकारी करुणा अभियानाच्या पेटीतलं जखमी कबूतर मी बघितलंय. त्या विषयावर मी फारसं बोलत नाही. माझी सोय.

तर गेल्या वर्षी अगाशीत पाण्याच्या टाकीमागे एक फिरकी सापडली. राखाडी, चकाकणारी. चिरंजीव तेव्हा बारावीला. विचारलं तर म्हणतो, "आई, साध्या दोरीनं एकही पेच टिकत नाही. सगळे हीच वापरतात." अरे, कापलीच जाणार नाही अशी दोरी घेऊन पेच कसला लावतोस? पण मी हे काही बोलले नाही. त्याच्यासमोर नुसती हनुवटी वर केली. तो खाली बघत राहिला.

फिरकी मी ताब्यात घेतली. मग पंचाईत. कात्रीनं कापायला गेले तर अख्खा दिवस लागेल. कचऱ्यात टाकावी तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जाणार, नाहीतर उकिरड्यावरच्या कावळ्याच्या पायात. जाळून पाहिली थोडी, तर वितळून काळा गोळा झाला आणि घरभर वास. हे म्हणाले, "पोलीस चौकीत दे जमा करून."

"आणि कुठून आली विचारलं तर?"

हे गप्प बसले. मीही.

जुन्या गुजराती पेपरात गुंडाळून ती माळ्यावर ठेवली आहे, तांब्याच्या बंबामागे. भाचीला हे सांगितलं नाही.