इंदूरच्या वाटा आणि सोबती : पावसाळ्यानंतरची नोंद

इंदूरला डोंगर कुठे आहेत, असं पुण्या-नाशिकचे ट्रेकर मित्र हमखास विचारतात. आहेत ना, फक्त आपण त्यांच्या माथ्यावर राहतो! शहर साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर. महूच्या पुढे हे पठार विंध्याच्या कड्यांवरून तुटतं आणि खाली निमाड, नर्मदेचं खोरं. त्यामुळे इथला ट्रेक सह्याद्रीच्या उलटा. सकाळी पाय ताजे असताना उतरायचं, आणि ऊन तापल्यावर चढायचं. या मोसमात वाटा निवडताना आणि त्याहून जास्त सोबत निवडताना मी हीच गोष्ट डोक्यात ठेवली.

नव्या माणसाला आधी रालामंडलला नेतो. १९८९ पासूनचं अभयारण्य, टेकडीवर होळकरांचं शिकारगृह, वाट बांधलेली, चुकायची भीती नाही. कोण किती पाणी आणतो, मागे राहिलेल्यासाठी कोण थांबतं, हे तासाभरात कळतं. राजेंद्रनगरचे दोन काका इथेच भेटले, साठी ओलांडलेले आणि एका लयीत चालणारे. आता ग्रुपचा वेग तेच ठरवतात, आणि तरुण मंडळीही कुरकुर न करता त्यांच्या मागून चालतात. यूथ हॉस्टेल या भटक्यांच्या संघटनेच्या जुन्या सदस्यांनाही विचारत राहा. नकाशात नसलेल्या पायवाटा त्यांच्या डोक्यात पक्क्या आहेत.

जानापाव मात्र वर चढायचं ठिकाण. साडेआठशे मीटरच्या वर माथा, तिथे कुंड. परशुरामांचं जन्मस्थान म्हणून लोकांची श्रद्धा, कार्तिक पौर्णिमेला जत्रा. वरपर्यंत गाडी जाते, पण पायथ्यापासून जंगलातून चालण्यात खरी मजा. चंबळ इथे उगम पावते. उत्तर उतारावरचं पाणी चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि दक्षिणेकडे ओघळलेलं नर्मदेतून अरबी समुद्राला. लोक इथून साडेसात नद्या निघतात म्हणतात. पावसाळी ढग बाजूला सरकले की ही दोन्ही खोरी समोर उलगडतात, आणि दर वेळी मला तिथून हलवत नाही.

बाकी सगळ्या खोह (खोल दऱ्या) आणि कुंडांच्या वाटा. चोरल नदीच्या खोऱ्यातल्या एका खोहातून परतताना मुरमाचा घसारा लागला. सागाची ओली पानं पायाखाली, हाताला धरायला काही नाही. पलीकडून गुरं हाकणारा एक भिलाला आदिवासी पोरगा ओरडला, "भैया, ढोर जहाँ से चढ़े, वहीं से चढ़ो!" खुरांच्या खुणा आणि शेणाचे पो पाहत गेलो, तर वाट आडवी-तिडवी वळणं घेत आरामात माथ्यावर आली. गुरं सरळ चढ घेतच नाहीत. तेव्हापासून जीपीएसवरची रेघ आणि गुरांची वाट वेगळी दिसली, तर आम्ही गुरांच्या मागे जातो. निम्मं पाणी चढासाठी राखायचं, हाही नियम पक्का झाला आहे.

धबधब्याच्या बाबतीत मी कडक आहे. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला एक कुटुंब लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस कोसळत असतो आणि तो लोंढा थेट खोहात उतरतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की फोटो अर्धवट टाकून लगेच काठ चढायचा. हे ऐकल्यावर ज्याचं तोंड वाकडं होतं, त्याला पुढच्या वेळी बोलवत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. महूच्या बाजूला लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत, तेव्हा गावात विचारल्याशिवाय नवी वाट धरायची नाही, आणि लाल झेंडा दिसला तर परत फिरायचं.

आता थंडीत जाम गेटपासून निमाडात उतरणाऱ्या जुन्या पायवाटा शोधायच्या आहेत. गेट अहिल्याबाईंच्या काळचं. महेश्वरकडे जाणारी वाट इथूनच घाट उतरते. डांबरी रस्ता सोडून किती उतरता येतं, ते खालच्या गावांत आधी विचारून येणार आहोत. दुसरा बेत पातालपाणी-कालाकुंडचा. हेरिटेज गाडी चालू असली तर तिने खाली जायचं, कालाकुंड स्टेशनवर खाखऱ्याच्या (पळसाच्या) पानातला कलाकंद खायचा आणि नदीकाठाने हिंडायचं. बोगद्यांतून रुळांवरून चालायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मानपूरकडच्या वाटा कोणी चालले असाल, तर पाणी कुठवर टिकतं आणि शेवटचा चढ कसा आहे, एवढं जरूर कळवा. आणि आमच्यात यायचं असेल, तर पहिला रविवार रालामंडलचा.