सोलापूरहून एएफएमसीचा इंटरव्ह्यू : माझा अनुभव

नीटचा निकाल लागला की आपल्याकडं एकच विषय, कटऑफ किती जाईल, स्टेट कोट्यात सिव्हिल (म्हणजे सोलापूरचं सरकारी मेडिकल कॉलेज) मिळेल का. एमबीबीएसला इंटरव्ह्यू पण असतो म्हटलं की लोक हसतात, कारण बाकी कुठं नसतोच, पण पुण्याच्या एएफएमसीला (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारं) असतो. त्यासाठी एमसीसीच्या (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) साइटवर रजिस्टर करताना एएफएमसीचा ऑप्शन टाकावा लागतो, मग शॉर्टलिस्ट, मग तिथं 30 मिनिटांत 40 प्रश्नांची इंग्रजी आणि रीझनिंगची टेस्ट (चुकलं की मार्क कट), सायकॉलॉजिकल टेस्ट, 50 मार्कांचा इंटरव्ह्यू आणि शेवटी मेडिकल. मुलींना जागा 30 च.

क्लासवाल्या सरांना विचारलं तर म्हणाले यूट्यूब बघ. शेवटी पप्पांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले एक रिटायर्ड सुभेदार काका मदतीला आले, सात रस्त्याजवळ राहतात, रोज संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी हजेरी. पहिल्याच दिवशी विचारलं, आर्मीतच का? मी म्हटलं देशसेवा. काका म्हणाले, "हे सगळीच म्हणतात बाळा, तुझं काय ते सांग." मग खरं सांगितलं, पप्पांचे टॉवेलचे माग आहेत, प्रायव्हेटची फी झेपणारी नाही, आणि मला युनिफॉर्म लहानपणापासून लै आवडतो. म्हणाले बस, हेच बोलायचं, फक्त इंग्रजीत आणि रडका चेहरा न करता. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळं इंग्रजीतच गाडी अडायची, मग भाकरी करताना आईला सगळं इंग्रजीत सांगायचं असं ठरवलं, आई बिचारी "यस यस" करायची.

काकांनी रँकचा एक कागद हातानं लिहून दिला होता, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आर्मीचा कॅप्टन म्हणजे नेव्हीचा लेफ्टनंट आणि एअरफोर्सचा फ्लाइट लेफ्टनंट, पण नेव्हीचा कॅप्टन म्हणजे थेट आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, इथं सगळे फसतात. सोलापूरवर काय विचारतील म्हणून डॉ. कोटणीस पाठ केले, जन्म 1910, 1938 ला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात, 1942 मध्ये तिथंच वारले, भैय्या चौकातलं स्मारक पण परत जाऊन बघून आले.

आणि कोटणीसांवर एक शब्द विचारला नाही! विचारलं काय, तर पुण्याला कशानं आलीस. म्हटलं हुतात्मा एक्स्प्रेसनं. हे हुतात्मा कोण? चार पुतळ्यासमोरून (याच चौघांचे पुतळे) रोज क्लासला जायचे त्यामुळं नावं तोंडात होती, मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमल) खटला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. "मार्शल लॉ म्हणजे नेमकं काय" वर थोडी अडखळले, हिंदीत सांगितलं, कोणी काही म्हणालं नाही. मग रँक आलेच, नेव्हीचा कॅप्टन पण आला, तेव्हा मनात काकांना नमस्कार केला. बायोलॉजीचं फारसं काही नाही. आर्मीत पोस्टिंग कुठंही होईल, घरचे चालतील का, हे मात्र फिरवून फिरवून विचारलं.

सायकॉलॉजिकल टेस्टची तयारी वगैरे काही होत नाही, जे आहे ते टिक करायचं. मेडिकलच्या आधी मात्र डोळे आणि दात घरीच दाखवून घ्या, चष्म्याच्या नंबरला लिमिट असतं, आणि ओरिजिनल कागद एका फाईलमध्ये क्रमानं लावून न्या, तिथं शोधायला वेळ नसतो.

माझं नाव वेटिंगला आलं आणि वेटिंग माझ्यापर्यंत सरकलं नाही. स्टेट राउंडला सिव्हिल लागलं, आता फर्स्ट इयरला आहे, घरचा डबा मिळतो. काकांना सांगायला गेले तर त्यांना काही वाईट वाटलेलं दिसलं नाही, म्हणाले एमबीबीएस झाल्यावर शॉर्ट सर्व्हिसनं (ठरावीक वर्षांच्या नोकरीवर) आर्मीत जाता येतं, तिथं पण इंटरव्ह्यू असतो, तो कागद फाडू नको.