लाइन आली, तरी फाइली काहून नाही?

"भाऊ, लाइन आली, मशिनी चालू झाल्या, पण फाइली काहून नाही दिसून राहिल्या?" आर्वी तालुक्यातल्या एका ऑफिसचे तीन सर्व्हर मी घरून सांभाळतो. तिथला पोरगा दर पावसाळ्यात हे विचारतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

फाइली त्या तीन मशिनींत नाहीतच. त्या शेजारच्या स्टोरेजच्या डब्यात आहेत. तिथला व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कची जागा, आयस्कझी नावाच्या पद्धतीनं नेटवर्कवरून येतो अन् मशीनला साध्या डिस्कसारखा दिसतो. त्यावर लक्सचं, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं, कुलूप. डिस्क जोडली गेली तरी क्रिप्टसेटअपला, म्हणजे ते कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामला, किल्ली मिळेपर्यंत आत नुसता कचरा. कुलूप सर्व्हरवर उघडतं, म्हणून वायरीतूनही कुलूपबंदच माल जातो.

"मग किल्ली मशीनमध्येच ठेवा ना!" ठेवता येते. क्रिप्टटॅबमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडायच्या कुलपांच्या यादीत, की-फाइलचा पत्ता लिहिला की झालं. पण सर्व्हर अन् स्टोरेज एकाच रॅकमध्ये आहेत. दाराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवल्यासारखंच ते. क्लेव्हिस अन् टँगची जोडीही आहे, टँगचा सर्व्हर नेटवर्कवर सापडला तरच कुलूप उघडतं. पण तो ठेवायला दुसरी खोली कुठाय?

कुलूप आपोआप उघडू न देण्याचं दुसरं कारण सांगायला लाज वाटते. एका रात्री लाइन तासाभरात चारदा आली-गेली. घाईत मी तोच व्हॉल्यूम दोन मशिनींवर उघडला अन् दोन्हीकडे माउंट केला, म्हणजे वापरायला जोडला. आत एक्स्ट-फोर, म्हणजे एका वेळी एकाच मशीनची फाइलसिस्टिम. दोघी एकमेकींचं न पाहता लिहीत सुटल्या. सकाळी दुरुस्ती चालवली, तर लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये फाइलींचा ढीग: नावं गायब, नुसते आकडे. बॅकअप होता, तरी दोन दिवसांचं टायपिंग गेलंच. पोरगा बिचारा काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून एफएसटॅबमध्ये, म्हणजे माउंट करायच्या डिस्कच्या यादीत, नोऑटो: आपोआप जोडू नको. फोन आला की आधी तिन्ही मशिनींवर एलएसबीएलके, म्हणजे जोडलेल्या डिस्क दाखवणारी कमांड, मारतो, कुठं उघडं राहिलं नाही ना पाहतो, मगच एकीवर परवलीचा शब्द टाकतो. लक्सच्या हेडरची, म्हणजे कुलपाची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची, प्रत पेनड्राइव्हमध्ये माझ्या घरी आहे. लक्स-टू या आवृत्तीत तो जेमतेम 16 एमबीचा, पण बिघडला तर शब्द पाठ असूनही उपयोग नाही.

कधी त्यांची लाइन येते अन् माझी जाते. मग मोबाइलचा हॉटस्पॉट, ओट्यावर एक काडी नेटवर्क, अन् पलीकडून पोरगा, "भाऊ, झालं का?"