यॉर्क नोंदवही : कॉपरगेटमध्ये तांबं नाही

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात 'गेट' म्हणजे रस्ता, दरवाजाला 'बार' म्हणतात आणि बार शोधायचा तर पबात जावं लागतं. 'गेट' हा व्हायकिंगांच्या 'गाटा'चा वंशज. आपल्या भाषेत गेट म्हणजे आळी आणि बार म्हणजे वेस, एवढं धरून चाललं की निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा यॉर्कच्या जुन्या रस्त्या-घरांचा नकाशा करायच्या कामाच्या या टप्प्यात हाताळला आहे : नकाशावर नावांचा थर चढवणं. तटाच्या आतला, ऊझ नदीच्या मिन्स्टरकडच्या (मिन्स्टर म्हणजे इथलं मोठं कॅथीड्रल) काठाचा भाग झाला. पलीकडचा मिकलगेटचा भाग बाकी आहे.

पायाला ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशाखात्याचा 1852 चा नगरनकाशा घेतला आहे. प्रमाण मैलाला 5 फूट, म्हणजे 1:1056. कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर साधारण 1 मीटर, त्यामुळे घराचं जोतंसुद्धा ओळखता येतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत तो आजच्या नकाशावर जुळवताना ब्रिटिश नॅशनल ग्रिड ही निर्देशांकांची पद्धत (ईपीएसजी 27700) ठेवा आणि प्रत्येक पानावर 8 ते 10 खुणेचे बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांत ओळखता येणाऱ्या जागा, चारी कोपऱ्यांत पसरून घ्या. बिंदू चर्चच्या मनोऱ्याचे कोपरे, वेशींचे कोपरे असेच निवडा. नदीकाठ आणि रस्त्याची कड घेऊ नका. दोन्ही दीडशे वर्षांत सरकल्या आहेत. आधी साधं पहिल्या घाताचं रूपांतर (अख्खं पान एकाच प्रमाणात सरकवणारं, फिरवणारं) करून बिंदूंची चूक बघा. एखादाच बिंदू 4-5 मीटर भरकटला तर तोच चुकीचा लागलेला असतो. घाईत 'थिन प्लेट स्प्लाइन' हे दुसरं रूपांतर लावलं की चूक शून्य दिसते, कारण ते नकाशाच ओढून-ताणून बिंदूंवर बसवतं. इथेच बहुतेकांची फसगत होते. जॉन स्पीडचा 1610 चा नकाशा देखणा आहे, पण तो जुळवायच्या भानगडीत पडू नका. त्यातली घरं चित्रातली आहेत, मोजमापाची नाहीत. तो शेजारी उघडा ठेवून नुसता बघायचा.

पार्लमेंट स्ट्रीट 1830 च्या दशकात जुन्या वस्तीतून आरपार काढला, स्टोनबो तर 1955 चा. अशा रस्त्यांना वेगळा रंग द्या, नाहीतर मध्ययुगीन वाट शोधताना डोळा याच सरळ रेषांवर जातो.

आता नावं. नियम एकच : पाटी वाचून अर्थ लावायचा नाही. तक्त्यात तीन रकाने ठेवा : आजचं नाव, सापडलेलं सर्वांत जुनं लेखन सालासकट, आणि मग अर्थ. दुसरा रकाना रिकामा असेल तर तिसराही रिकामाच राहू द्या.

कॉपरगेटचा तांब्याशी संबंध नाही. मूळ शब्द कप, वाडगे करणाऱ्यांचा. म्हणजे ही कातारआळी. 1976 ते 1981 च्या उत्खननात इथे दहाव्या शतकातल्या लाकडी भांड्यांचं कातकाम सापडलं. भांडं कातून झाल्यावर मधोमध उरणारे लाकडी गाभेसुद्धा ओल्या मातीत टिकून राहिले होते. नावाची खात्री जमिनीनेच द्यावी असं फार थोड्या रस्त्यांच्या नशिबी येतं. कोनी स्ट्रीट वाचून जुन्या इंग्रजीतला ससा आठवतो, पण मध्ययुगीन लेखन 'कुनिंगेस्ट्रेटे', म्हणजे राजरस्ता. फीझगेट म्हणजे गोठ्याची आळी. तटाबाहेरच्या ब्लॉसम स्ट्रीटवर कधीच मोहोर नव्हता. ती नांगर हाकणाऱ्यांची वस्ती. शॅम्बल्स ही खाटिकआळी, आणि नाव मांस मांडायच्या फळ्यांवरून आलेलं. दुकानांच्या खिडक्यांखाली त्या रुंद फळ्या काही ठिकाणी अजून आहेत. ग्रेप लेनमध्ये द्राक्षं नव्हती. मूळ नाव वेश्यावस्तीचं आणि इतकं उघड की पुढे ते सोज्वळ करून घेतलं गेलं. आणि सगळ्यांत आखूड रस्त्याचं नाव सगळ्यांत लांब : व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. 'व्हिप' म्हणजे चाबूक, म्हणून नाव ऐकून चाबकाच्या गोष्टी जोडल्या जातात, पण 1505 मध्ये ते 'व्हिटनोरव्हॉटनोरगेट' असं लिहिलेलं आहे. 'हा कसला रस्ता!' हा पाटीवर दिलेला अर्थ चाबकापेक्षा जास्त पटतो.

स्टोनगेट मात्र नावापेक्षा जुना आहे. इसवी सन 71 मध्ये रोमनांनी इथे छावणीचा किल्ला उभारला. त्याच्या मुख्य दरवाजापासून मुख्यालयापर्यंत जाणारा रस्ता स्टोनगेटच्या खाली आहे, त्याला छेदणारा साधारण पीटरगेटच्या खाली, आणि मुख्यालय मिन्स्टरखाली. बूथम बार उभी आहे तिथेच रोमन वेस होती. हा थर वेगळा ठेवून 1852 च्या पानावर टाकला की मिन्स्टरभोवतीचे रस्ते असे का वळतात ते आपोआप उलगडतं.

घरांच्या बाबतीत दर्शनी भिंतीवर विश्वास नको. स्टोनगेटवर अठराव्या शतकातली विटांची भिंत आणि तिच्यामागे कितीतरी जुना लाकडी सांगाडा, असा प्रकार सर्रास आहे. बाजूच्या बोळात शिरून भिंतीत ओकचे खांब दिसतात का ते बघा. छपराचा उतार दर्शनी भागाच्या मानाने फार उभा असेल, किंवा वरच्या मजल्याच्या खिडक्या एका ओळीत नसतील, तर संशय घ्या. बुजवलेली प्रत्येक खिडकी खिडकीपट्टीमुळे बुजवलेली नसते. तो कर 1696 ते 1851 होता खरा, पण अनेक खिडक्या नुसत्या शोभेसाठी, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पहिल्यापासूनच आंधळ्या बांधलेल्या आहेत. बोळात शिरण्याचं महत्त्व पटवायला बार्ली हॉल पुरेसा आहे. हे मध्ययुगीन घर कॉफी यार्डच्या बोळात इतर बांधकामांत इतकं गुरफटलं होतं की 1980 च्या दशकात ते नव्याने उजेडात आलं.

गुडरमगेटवरची लेडी रो याच्या उलट : काहीच न लपवणारी. 1316 च्या सुमारास होली ट्रिनिटी चर्चच्या आवाराच्या कडेला भाड्याने द्यायला बांधलेली चाळ म्हणा ना. भाड्यातून चर्चमधल्या प्रार्थनेसाठी नेमलेल्या पाद्र्याचा खर्च भागायचा. वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला आहे. समोरच्या पदपथावरून बघितलं तर पांढऱ्या गिलाव्याखालच्या लाकडाच्या रेषेवरून ती एकसलग रांग असल्याचं कळतं; जवळून फक्त दुकानं दिसतात.

घरात कोण राहत होतं हे भरताना सर्वाधिक चुका जनगणनेत होतात. 1851 पासूनच्या वह्यांत पहिल्या रकान्यातला आकडा हा कुटुंबाने भरलेल्या अर्जाचा क्रमांक असतो, घराचा नव्हे. तो घर क्रमांक धरला की अख्खी रांग घसरते. शिवाय रस्त्यांचे क्रमांक मध्येच बदललेले असतात. म्हणून कोपऱ्यावरचा पब किंवा चर्च असं न हलणारं ठिकाण धरून दोन्ही बाजूंनी मोजत या, आणि त्याच काळातल्या व्यापारी डिरेक्टरीशी ताडून बघा. 1841 मध्ये 15 वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत; 34 चा माणूस 30 चा दिसतो. 1931 ची जनगणना 1942 च्या आगीत गेली, त्यामुळे 1921 नंतर थेट 1939 च्या राष्ट्रीय नागरिक-नोंदवहीवर उडी मारावी लागते.

मंडळींना दाखवायला एक फेरी पक्की केली आहे : बूथम बार, हाय पीटरगेट, स्टोनगेट, कॉफी यार्ड, ग्रेप लेन, गुडरमगेट, किंग्ज स्क्वेअर, शॅम्बल्स, व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट, कॉपरगेट. अंतर दीड किलोमीटरच्या आत, थांबत गेलं तर दीड तास. कॉफी यार्डमध्ये तुळया खाली आहेत, उंच माणसांना आधी सांगा. बोळात दहापेक्षा जास्त माणसं नेली तर मागच्यांना ऐकू जात नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडते. बोलायचं ते बोळाबाहेर बोलून घ्या. तटावरून चालायची वाट या फेरीला जोडू नका. पायऱ्या उभ्या आहेत, काही भागांत आतल्या बाजूला कठडा नाही आणि अंधार पडायच्या सुमारास दारं बंद होतात. शिवाय तट सलग नाही. लेअरथॉर्पपासून विटांच्या रेड टॉवरपर्यंत तो बांधलेलाच नव्हता, कारण इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने फॉस नदी अडवल्यावर तिथे तलाव आणि दलदल होती. तलाव केव्हाच बुजला, तटातली फट मात्र नकाशावर तशीच दिसते.