हस्तातली धक्काबुक्की

नाशकात हस्त नक्षत्र म्हटलं की आधी द्राक्षवाल्यांची तोंडं आठवतात, कारण ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर हा हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, कोसळला की पुढे डावणी रोगाचं टेन्शन. पण एप्रिल-मेमधे रात्री दहाच्या सुमारास गच्चीवरून दक्षिणेकडे बघा, हस्ताचे पाच तारे चांगले वर आलेले असतात, आणि त्याच भागात नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणाऱ्या दोन दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे अवाढव्य समूह, एकमेकींत घुसल्यात. अँटेनी म्हणतात त्यांना. १७८५ मधे विल्यम हर्शलला सापडल्या.

आता एवढी टक्कर म्हणजे ताऱ्यांचा पार चुराडा होत असेल असं वाटतं ना, तर तसं काही नाही. सूर्य द्राक्षाएवढा करून पंचवटीत ठेवला तर शेजारचं द्राक्ष थेट अमरावतीच्या आसपास येतं, मधे सगळा शुकशुकाट! कोण कुणाला धडकणार? जुने तारे आरामात आरपार जातात.

धडकतो तो गॅस. हायड्रोजनचे अवाढव्य ढग समोरासमोर येतात, दाबले जातात, दाब वाढला की स्वतःच्याच वजनाने आत कोसळतात आणि एकेका ढगातून हजारो, कधी लाखो तारे एकदमच जन्मतात. हबल या अंतराळातल्या दुर्बिणीने १९९७ मधे अँटेनीत असे हजाराच्या वर तरुण तारकागुच्छ दाखवले, फोटोत निळे निळे ठिपके नुसते.

पण हे प्रकरण फार टिकत नाही. गुच्छातले दांडगे तारेच उरलेला गॅस उडवून लावतात, गॅस गेला की बांधून ठेवणारं गुरुत्व कमी पडतं आणि पोरं पांगतात. एक कोटी वर्षं पार करणारे दहातला एखादाच. मला तर टकरीपेक्षा ही पांगापांगच जास्त इंटरेस्टिंग वाटते. जे भरभक्कम असतात ते मात्र पुढे गोलाकार गुच्छ होऊन अब्जावधी वर्षं राहू शकतात. आपल्या आकाशगंगेतही दीडशेच्या वर आहेत, काही तर गिळलेल्या दीर्घिकांकडून आलेले. धनु राशीतला एम ५४ त्यातलाच, त्याची मूळ दीर्घिका आपली आकाशगंगा अजून खातेय. तो बघायला सोयीचे महिने जुलै-ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे नुसते ढग, त्यामुळे मे महिन्यात पहाटे तीनला उठून, कुणाची तरी छोटी दुर्बीण मागून, गंगापूर धरणाच्या बाजूला जायचं.