लपणातला दिवस

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला मी सिंहगडाच्या पायथ्याशी, एका शेताच्या बांधावरच्या लपणात शिरलो, तो संध्याकाळी सहालाच बाहेर पडलो. लपण हा मूळचा शिकाऱ्यांचा शब्द. हल्लीचे छायाचित्रकार त्यालाच ‘हाईड’ म्हणतात. चार बांबू, त्यांवर दुहेरी शेडनेट, आत प्लॅस्टिकचे स्टूल आणि समोर लेन्स बाहेर काढण्यापुरती फट, एवढाच त्याचा थाट. फटीपासून बारा-पंधरा फुटांवर सिमेंटचे उथळ तळे होते. त्यात जेमतेम दोन बोटे पाणी, आणि वर फांदीला टांगलेल्या कॅनमधून त्यात पडणारे थेंब. ओढे आटले की हा थेंबांचा आवाजच पाखरांना ओढून आणतो. तळ्याकाठची शेवाळलेली फांदीसुद्धा तिथे मुद्दाम रोवलेली होती. आमच्या ‘जंगलातल्या’ फोटोंमागे इतपत नेपथ्य असते, हे कबूल केलेले बरे.

शेताचे मालक मला आत बसवून, मुद्दाम मोठ्याने खोकत परत गेले. दोघे आत गेले आणि एक बाहेर पडला, की लपण रिकामे झाले असे पाखरांना वाटते, अशी जुनी समजूत आहे. मला ती फारशी पटत नाही. पाच मिनिटांत सातभाईंचा थवा आला, त्यातल्या एकाने मान तिरकी करून थेट माझ्या लेन्समध्ये पाहिले आणि मग ‘असेल कोणीतरी’ अशा बेफिकिरीने तो पाण्यात उतरला. लपण पाखरांना फसवण्यासाठी नसतेच, ते आपल्याला एका जागी डांबून ठेवण्यासाठी असते, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. एरवी पंधरा मिनिटांत चहाची आठवण होणारा माणूस त्या जाळीआड निमूट बसतो आणि आपण किती आवाज करतो, हे त्याला प्रथमच ऐकू येते. बॅगेची चेन, गुडघ्याची कटकट, घशातला आवंढा. बरोबर आणलेली बाकरवडी तर खाणेच अशक्य होते. तिचा कुरकुरीतपणा हा घरी गुण, इथे अपराध.

बुलबुल आले, चष्मेवाले आले, शेपटीचा पंखा उघडत-मिटत नाचण येऊन गेला, नारिंगी डोक्याच्या कस्तुराने पंख फुलवून यथासांग स्नान केले. अकराच्या सुमारास स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला. हा पाण्यात बसत नाही. फांदीवरून सूर मारतो, पोट क्षणभर पाण्याला लावतो आणि शेपटीच्या फूटभर लांबीच्या दोन फिती मागे ओढत पुन्हा फांदीवर जातो. झाडीतल्या अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 3200 वर नेऊनही मला चाळीस फोटोंपैकी एकोणचाळीसांत नुसते तुषार मिळाले आणि एकात शेपटीचे टोक. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला पुन्हा बोलावणारे महाभाग असतात. हद्दीत दुसरा नर घुसला असे वाटून बिचारे पाखरू धावत येते. असा मिळवलेला फोटो मला चोरीचाच वाटतो.

दुपारी दोनच्या सुमारास एकाएकी सगळे आवाज थांबले. मी खाली वाकून बॅटरी बदलत होतो. वर पाहिले तर तळ्यात शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, उभा होता, मांड्या पाण्यात आणि डोळे लालभडक. त्याला कसलीच घाई नव्हती. कॅनमधला थेंब अधूनमधून त्याच्या पाठीवर पडे, तेव्हा तो नुसती पिसे हलवी. पहिल्या पाच मिनिटांत हवे तेवढे फोटो झाले; पुढची वीस मिनिटे माझा डावा पाय बधिर होत गेला आणि मी तो हलवला नाही. जाण्यापूर्वी त्यानेही एकदा लेन्सकडे पाहिले. तो उडाल्यावर बऱ्याच वेळाने पहिल्यांदा परत आला तो नाचणच.

सहाला मालक लांबूनच खोकत आले आणि जाळी वर करून म्हणाले, “काय गावलं का, साहेब?” मी उठायला गेलो, पण डावा पाय अजून शिक्राच्या धाकातच होता.