तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं विमान कोणतं घ्यावं?

“काका, कसरतींच्या स्पर्धेसाठी पहिलं रिमोटवरचं विमान घ्यायचंय, कोणतं घेऊ?” हे मला पोह्यांच्या गाडीवर विचारून झालंय, इथे इंदूरच्या रामबागेतल्या एका मुंजीत पंगतीला बसल्यावर विचारून झालंय. मी दर वेळी “मैदानावर या, बघू” म्हणून टाळतो. त्यामुळे लोकांना वाटतं, माझ्याकडे काहीतरी गुपित आहे. गुपित कसलं, लाज आहे. आता एकदाच लिहितो, म्हणजे पुढच्या मुंजीत सुखाने जेवता येईल.

ट्रेनर म्हणजे शिकायचं साधं विमान, सिम्युलेटर, लूप-रोलसारख्या कसरती हे सगळं तुमचं झालेलं असतं, म्हणून ते सोडतो. तुम्ही येता तेव्हा बहुतेकांचं ठरलेलंही असतं: दोन मीटरचं. एफथ्रीए, म्हणजे रिमोटवरच्या विमानांच्या कसरतींच्या स्पर्धेचा वर्ग, त्याचे नियम तुम्ही वाचलेले असतात. पंख दोन मीटर, लांबी दोन मीटर, वजन पाच किलो. अहो, ती वरची मर्यादा आहे! त्याहून मोठं नको, एवढाच तिचा अर्थ. तेवढंच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आपण ती सक्तीसारखी वाचतो. मीही तशीच वाचली होती.

2016 साली स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी अशाच एका सेकंडहँड दोन मीटरवर घातले. पाच-पाच सेलच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या, त्यांचंच वजन किलोच्या वर. विमानतळ इंदूरच्या पश्चिमेला, म्हणून आम्ही उलट्या बाजूला, मांगलियाच्या पुढे एका ओळखीच्या पटेलांच्या शेतात उडवतो. मार्च महिना होता. आमच्या पट्टीभोवतीचा गहू काढून झालेला, शेजाऱ्याचा उभा. पहिली दोन उड्डाणं छान झाली. तिसऱ्यात मी विमान उलटं करून समोरून न्यायचं ठरवलं.

इथे एक कबुली. भीतीपोटी मी बॅटरी पुढे सरकवून ठेवली होती. नाक जड असलं की विमान शहाण्यासारखं वागतं, असं मला वाटायचं. सरळ उडताना वागतंही. पण उलटं केलं की तेच जड नाक जमिनीकडे ओढ घेतं आणि रिमोटची स्टिक सारखी पुढे दाबून धरावी लागते. मी दाबून धरली होती. मधोमध आल्यावर नाक जरासं झुकलं, आणि कित्येक वर्षं ट्रेनर उडवलेल्या बोटाने त्याला ठाऊक होतं तेच केलं. स्टिक ओढली. विमान उलटं असताना ओढायचं म्हणजे कुठे जायचं, ते तुम्हाला माहीत आहे.

दीडशे मीटरवरून आवाज यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. विमान जमिनीत गेलेलं मला दिसत होतं, आणि मोटर अजून गात होती. मग थाड. तो अर्धा सेकंद मला अजून ऐकू येतो.

पटेल धावले. मला वाटलं विमानासाठी. ते धावले होते शेजारच्या उभ्या गव्हासाठी. एक बॅटरी फुगून धूर सोडत होती, खाली वाळलेली नरवाई, म्हणजे कापलेल्या गव्हाचे खुंट. त्यांनी पावड्याने माती ओढून तिच्यावर ढीग घातला आणि म्हणाले, “भिया, पहले इसको देखो, रोना बाद में.” मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं. घरी बायको एवढंच म्हणाली, “अहो, स्कूटर ठोकली असती तर निदान डेंटिंग करून आणली असती.”

म्हणून मी सांगतो: दीड मीटरच्या आतलं घ्या. पंख मधोमध बसवलेला, वरून-खालून सारख्या गोलाईचा. सहा सेलवर चालणारं, बॅटऱ्या तुमच्याकडे आधीच आहेत ते. थ्रीडीचं नको. मोठमोठ्या एलरॉनचं, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचं ते विमान प्रोपेलरवर लटकून नाचायला छान, पण सरळ रेघ मारायला बसलात की वळवळतं. आणि मोडलं तर महिन्याभरात दुसरं आणता येईल अशा किमतीचं.

पण त्या वेळचा मी इथेच मला अडवतो. म्हणतो, काका, ती पहिली दोन उड्डाणं विसरलात? वाऱ्यात ते रुळावरून चालावं तसं गेलं होतं. तुमचं दीड मीटरचं त्याच वाऱ्यात थरथरतं, पंधरा अंश रेघ चुकली की पंच एक गुण कापतो, आणि विमान आपोआप स्थिर ठेवणारा जायरो लावायची परवानगी नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या अपघातानंतर मी दोन वर्षं फोमचं उडवलं. मोडलं तरी चालेल असं विमान मी मोडायच्याच तयारीने उडवायचो, त्यात रेघ कधी सुधारली नाही, हेही खरं आहे. आणि परवडत नव्हतं, हेही खरंच.

गेल्या महिन्यात मावसभावाच्या मुलाने, एवढं सगळं ऐकून, दोन मीटरचंच आणलं. लोकमान्यनगरच्या त्यांच्या गच्चीवर मला बघायला बोलावलं. मी ओरडायच्या तयारीने गेलो होतो. पंख हातात घेतला, एलरॉनची बिजागरं हलवून पाहिली, त्या हलवणाऱ्या एका सर्व्होचे, म्हणजे छोट्या मोटरचे स्क्रू ढिले होते ते आवळले. मग दोघांनी एकेक पंख दोन-दोन बोटांवर तोलून सीजी, म्हणजे विमानाचा तोल कुठे येतो ते पाहिलं. नाक खाली गेलं.

“सेफ राहावं म्हणून पुढे ठेवलीय, काका,” तो म्हणाला.

मी वरचं झाकण, कॅनॉपी, काढली आणि बॅटरी बोटभर मागे सरकवली.